सातासमुद्रापारची चव आणि वैनगंगेपलीकडची शिसारी

परदेशी नगरात नुकतेच बिऱ्हाड थाटलेल्या मराठी गृहस्थांचे लेख हल्ली वारंवार वाचावयास मिळतात, आणि त्यांतील एक प्रकरण आता इतके ठरून गेले आहे की, त्याची पहिली दोन वाक्ये वाचली म्हणजे पुढची वीस वाचकाने स्वतःच लिहावी. प्रथम थंडी, एकटेपणा आणि आईच्या हातच्या वरणभाताची आठवण. मग एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी पाववाल्याचे दुकान सापडते. तेथील म्हातारी एक काळसर, आंबूस पाव हसून हातावर ठेवते. आणि तो पाव पोटात जाताच ते परके नगर एकाएकी लेखकाचे होऊन जाते. पुढे वास मारणारे चीज येते, कच्ची कालवे येतात, आंबवलेली कोबी येते, आणि प्रत्येक पदार्थाचे नाव त्या त्या देशाच्या उच्चारासह, जिभेस होणारे कष्ट न मोजता, लिहिलेले असते. याविषयी आमची कसलीच तक्रार नाही. परक्याच्या ताटात निःशंकपणे हात घालता येणे हा माणसाच्या शहाणपणाचा भाग आहे, आणि तो आमच्या समाजास फार उशिरा लाभला आहे. तक्रार आहे ती निराळीच. याच गृहस्थांची, किंवा त्यांच्या सख्ख्या भावाची, गडचिरोलीस बदली झाली म्हणजे त्यांची जी मुद्रा होते, तिच्याविषयी आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

बदलीचा हुकूम हाती पडताच घरात सुतक पाळल्यासारखी शांतता पसरते. 'शिक्षेची बदली' हा शब्दप्रयोग या जिल्ह्यासाठी इतका रूढ झाला आहे की, तेथे जन्मून तेथेच राहणाऱ्या लाखो माणसांनी कोणता अपराध केला, हा प्रश्न तो उच्चारणाऱ्याच्या मनास शिवतही नाही. सरकार अशा भागातील नोकरांना एक पायरी वरची वेतनश्रेणी देते. ती घेण्यास आमचा विरोध नाही. परंतु तो पगार घेऊन मनुष्य राहतो कसा, हे एकदा पाहावे. कुटुंब नागपुरास ठेवावयाचे, शुक्रवारी सायंकाळची गाडी पकडावयाची, आणि सोमवारी परतताना पोळ्यांची चळत, लोणच्याची बरणी व पिठाचा डबा बरोबर आणावयाचा. अशी तीन वर्षे काढून हा मनुष्य परत जातो, आणि ज्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग अरण्य आहे त्या जिल्ह्यातील एकही रानभाजी त्याच्या पोटात गेलेली नसते. चंद्रपुरास येणाऱ्या प्रवाशांची गोष्ट याहून मौजेची आहे. ताडोब्याचा वाघ पाहण्यासाठी ते दोनदोन महिने आधी जागा राखून ठेवतात, पहाटे कुडकुडत उघड्या गाडीत बसतात, आणि दुपारी विश्रामगृहात परतून पनीरची तांबडी भाजी खातात. ज्या रानातला वाघ पाहण्यास आलो त्या रानात माणसेही राहतात व काही शिजवून खातात, ही गोष्ट कोणी त्यांच्या कानावर घालीत नाही. तेही विचारीत नाहीत.

आता ज्या पदार्थांना हे लोक नाके मुरडतात ते पदार्थ तरी कोणते? पावसाळ्यात बांबूच्या बेटांतून कोवळे कोंब वर येतात. त्यांना इकडे 'वास्ते' म्हणतात. ते बारीक चिरून, पाण्यात ठेवून, त्यांचा कडवटपणा काढून भाजी करतात. हेच कोंब टोकियोच्या शेवयांच्या वाडग्यात तरंगताना दिसले म्हणजे आमच्या प्रवासी लेखकास काव्य सुचते. वारुळांवर उगवणारी अळंबी, ज्यांना इकडे 'टेकोडे' म्हणतात, ती पावसाळ्यातील थोड्याच दिवसांची पाहुणी. तिच्यासाठी सकाळी लवकर उठून रानात जावे लागते, आणि कोणत्या वारुळावर ती येते हे ज्ञान घरातील वडील माणूस सहसा परक्यास सांगत नाही. इटलीत कुत्र्यांच्या नाकाने जमिनीखालची बुरशी हुडकून काढतात, तिचे वर्णन मात्र आम्ही तोंडास पाणी सुटेल अशा भाषेत वाचलेले आहे. तरोट्याची भाजी कोकणात टाकळा या नावाने पाहुण्यास कौतुकाने वाढली जाते. तीच येथे झोपडीत शिजली की गरिबाचा पाला ठरते.

आणि मुंग्या! गडचिरोलीचे नाव निघाले की लाल मुंग्यांच्या चटणीचा उल्लेख डोळे मोठे करून व्हावयाचाच. झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या या मुंग्या व त्यांची अंडी मिरची-मीठ घालून वाटतात. चव आंबट आणि झणझणीत. आता पुढील दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्या. २०१२ साली कोपनहेगनच्या 'नोमा' या जगद्विख्यात भोजनगृहाने लंडन येथे काही दिवस पंगत मांडली आणि जिवंत मुंग्या वाढल्या. त्यासाठी धनिकांच्या रांगा लागल्या. २०२४ च्या जानेवारीत ओरिसातील मयूरभंज जिल्ह्याच्या मुंग्यांच्या चटणीस भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे युरोपने तिला कला ठरविले, दुसऱ्या एका प्रांताने तिला आपली मिळकत म्हणून नोंदविले, आणि आमचा सुशिक्षित मराठी मनुष्य अद्याप 'शी!' या एकाक्षरी अभिप्रायावर अडून बसला आहे. पॅरिसमध्ये गोगलगायी खाऊन आलेल्या माणसाने हा अभिप्राय द्यावा, यातील विनोद त्याच्या लक्षात येत नाही, हे आणखी विशेष.

याचे मूळ शोधू गेल्यास आपल्या अन्नविषयक बंडाचा इतिहास थोडा उलगडून पाहावा लागतो. १८८३ साली आनंदीबाई जोशी, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत सांगून अमेरिकेस गेल्या, आणि तेथील कडाक्याच्या थंडीतही त्यांनी शाकाहार सोडला नाही. १८८६ साली पदवी मिळाली. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यात त्यांचा अंत झाला. पुढे तीनच वर्षांनी, १८९० साली, त्याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले प्रभृती मंडळींपुढे चहा आला, आणि त्या पेल्यावरून ग्रामण्य उभे राहून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व प्रायश्चित्तांवर निभावले. तो काळ गेला, फार चांगले झाले. पण गेला तो कोणत्या दिशेने? साहेबाच्या मेजावरील चहा प्रथम शुद्ध झाला, मग त्याची बिस्किटे, मग त्याची अंडी, आणि आज त्याच्या ताटातील सर्व काही. बंदी उठली ती पश्चिमेकडची. वैनगंगा ओलांडून पूर्वेस गोंडाच्या, माडियाच्या अंगणात बसून जेवण्यावरची बंदी कोणी उठविली नाही. कारण ती कधी लिहिलीच गेली नव्हती, आणि तीविरुद्ध बंड करण्यात कसली कीर्तीही नव्हती.

कोणी म्हणेल, हा आरोप अन्यायाचा आहे. परदेशी नगरात दर दहा पावलांवर भोजनगृह असते. गडचिरोलीत हे पदार्थ विकत मिळतात कोठे? हा आक्षेप बरोबर आहे, आणि तो बरोबर आहे म्हणूनच आमचे म्हणणे सिद्ध होते. परदेशात पैसे टाकले की पदार्थ समोर येतो; वाढणाऱ्याशी नाते जोडावे लागत नाही, त्याच्या घरी जावे लागत नाही, त्याच्या भांड्यातून पाणी प्यावे लागत नाही. येथे मात्र वास्त्याची भाजी खावयाची तर कोणाच्या तरी ओसरीवर बसावे लागते, आणि त्याआधी त्याने आपणास बोलवावे एवढी आपली वागणूक असावी लागते. एक दुकानदारी आहे आणि दुसरी सोयरीक. पहिलीला केवळ खिसा लागतो. आपण नव्या गावात रुजलो की नाही याची परीक्षा दुसरीत होते, आणि आम्ही नापास होतो ते तेथे. दरसाल ऑगस्टमध्ये सरकारी रानभाजी महोत्सव भरतात, त्यांत अधिकारी मंडळी चिमूटभर भाजी तोंडात टाकताना छायाचित्र काढून घेतात. ते न होण्यापेक्षा बरे, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व तो आम्ही डोळ्याआड करू इच्छीत नाही. या जिल्ह्यांत कुपोषण आहे, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार आहे. भुकेचे अन्न हे चवीचे अन्न म्हणून मिरवू नका, असे कळकळीचे लोक सांगतात. खरे आहे. घरातील धान्य संपल्यावर वाळलेल्या मोहफुलांवर काढलेले दिवस कोणी मेजवानी म्हणून सांगू नयेत. रानातील सर्वच काही गोड आहे असेही नाही: दुर्गाबाई भागवत तरुणपणी मध्यप्रांतातील आदिवासी मुलखात संशोधनासाठी हिंडत असता विषारी सुरण पोटात जाऊन कित्येक वर्षे अंथरुणास खिळल्या होत्या. पण त्याच दुर्गाबाईंनी पुढे 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले, आणि आदिवासींविषयीची त्यांची आस्था तसूभरही कमी झाली नाही. दारिद्र्य हे ताटातील अन्न अपुरे असण्यात आहे. ते अन्न हीन आहे असे ठरविणे हा त्या दारिद्र्यावर आम्ही बाहेरून चढविलेला कर आहे.

आणि तो कर भरतात मुले. आश्रमशाळेत आलेले माडिया मूल प्रथम भाषा गिळते आणि मग घरचे अन्न. चैत्राच्या पहाटे आईबरोबर मोहाखाली जाऊन, अंधार फिटण्याआधी टपटपलेली फुले टोपलीत वेचलेले ते मूल, शहरातील शिक्षकाने 'तुम्ही घरी काय खाता रे?' असे विचारताच 'वरणभात' म्हणून सांगते. आम्ही हे उत्तर स्वतः ऐकले आहे, आणि त्या वेळी वर्गात हसलेल्या इतर मुलांची तोंडेही आमच्या ध्यानात आहेत. त्यांच्याही घरी तेच शिजत होते. मोहाच्या फुलाचा लाडू होतो, पुरी होते, बियांचे तेल निघते. परंतु शहरी मनुष्यास मोह म्हटला की दारूच तेवढी आठवते, आणि कायद्यानेही पुष्कळ काळ त्याच दृष्टीने पाहिले. फुले गोळा करण्यावरचे व साठविण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ साली उठविले. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात येथील बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान नोंदवून ठेवले, म्हणून ते कागदावर तरी उरेल. पण जे मूल त्या ज्ञानाची लाज बाळगावयास शिकले, ते उद्या तेच ज्ञान आपल्या मुलास देईल कसे?

खऱ्या अर्थाने परदेशातून येऊन या मातीत रुजलेले लोक पाहावयाचे असतील तर ते चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत आहेत. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेल्या बंगाली कुटुंबांना १९६० नंतरच्या काळात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसविले गेले. घर, नदी, देश सुटलेले हे लोक कोणाच्या हौसेने आले नव्हते. परंतु ही भाताची व तळ्यांची भूमी आहे, आणि भात व मासे यांची भाषा त्यांना येत होती. त्यांनी शेती केली, तळ्यांत मासे वाढविले, आपले मोहरीचे तेल सोडले नाही, आणि बाजाराच्या दिवशी झाडीपट्टीच्या माणसाशी त्याच्या बोलीत घासाघीस करावयासही ते शिकले. त्यांनी त्यावर लेख लिहिले नाहीत. लिहिले असते तर ते म्युनिकच्या पावापेक्षा आम्ही अधिक आवडीने वाचले असते.

म्युनिकचे नाव सहज आले नाही. आमचा भाचा तेथे नोकरीस आहे; तेथील पावाचे पाच प्रकार व ते कशाबरोबर खावे, याचे त्याचे पत्र सहा पानांचे होते, आणि ते खरोखर वाचनीय होते. तोच भाचा आपल्या आईसह दोन वर्षांपूर्वी गडचिरोलीस आमच्या घरी चार दिवस राहिला. धानोऱ्याकडच्या आमच्या एका स्नेह्याने मुद्दाम जेवावयास बोलाविले होते. आमची बहीण दारातच आम्हांस बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, माझं काही म्हणणं नाही, पण मुलाच्या पोटाला सोसायचं नाही रे." मुलाचे वय एकतीस. तो निमूटपणे बसला; पानावर वाढलेल्या भाजीस त्याने बोट लावले आणि पाण्याच्या पेल्याकडे पाहून आपली बाटली उघडली. घरधनीण काही बोलली नाही. तिने पान उचलले, एवढेच.

पुण्याहून बहिणीने पीठ, मेतकूट, लोणचे यांबरोबर पाच शेर तांदूळही आणले होते; 'इकडचा भात जाड असतो' म्हणून. पिशवीवर एचएमटी असे छापलेले होते. हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी काढले. तिसरीपर्यंत शिकलेल्या व दीड एकर जमिनीच्या या दलित शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या शेतात काही निराळ्या लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला काढून वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या, आणि व्यापाऱ्याने त्या बारीक, सुवासिक तांदळास त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव दिले. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी वारले, ते दारिद्र्यातच. तो तांदूळ देशभर गेला. पुण्यास गेला आणि तेथून बहिणीच्या पिशवीत बसून, आपल्या जन्मगावाच्या अगदी जवळून, आमच्या घरी परत आला. आम्ही तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग इथंच मिळाला असता की!" भाचा यंदा चैत्रात पुन्हा येणार आहे. 'मामा, येताना काय आणू?' असे त्याने विचारले आहे. धानोऱ्याच्या स्नेह्यांना आम्ही अद्याप काही कळविलेले नाही.