पहिलीच्या आधीचे पंधरा दिवस

मधली सुट्टी झाली होती. सगळी मुलं डबे उघडून बसली होती आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बंद डबा मांडीवर घेऊन नुसता बघत होता. चारी बाजूंनी क्लिपा असलेला, नवा कोरा, घट्ट डबा. मी जवळ गेले तेव्हा त्याच्या बोटांची टोकं लाल झालेली दिसली. क्लिपांशी बराच वेळ झटून त्याने नाद सोडला होता, आणि हे कुणाला सांगायचं ते त्याला माहीत नव्हतं. मी डबा उघडून दिला. आत आईने पहाटे उठून केलेल्या गुळाच्या दशम्या होत्या. पण सुट्टी संपत आली होती. दोन घास खाऊन त्याने डबा मिटला.

शाळेचा पहिलाच दिवस होता तो. त्या मुलासाठी आईवडिलांनी काहीही कमी केलं नव्हतं. चित्रांचं दप्तर होतं, दिवे लागणारे बूट होते, कंपासपेटी होती. डबा उघडायला शिकवायचं तेवढं राहून गेलं होतं.

मी नाशिकला सातपूरच्या बाजूला बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. कारखान्यात पाळ्या करणाऱ्यांची, बांधकामावरच्या मजुरांची, भाजीची गाडी लावणाऱ्यांची मुलं माझ्यासमोर बसत. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि त्याआधीचे पंधरा दिवस मेनरोडला, शालिमारला पाय ठेवायला जागा नसते. वह्या, छत्र्या, गणवेश, बाटल्या. खरेदीत गैर काही नाही, पोरांना नव्या वस्तूंचा आनंद होतोच. माझं म्हणणं इतकंच आहे की शाळेची तयारी दुकानात होत नाही. मुलाला स्वतःचं स्वतः करता येणं आणि अडलं तर तोंड उघडून सांगता येणं, एवढीच ती तयारी. त्याला पैसे लागत नाहीत, पंधरा दिवस लागतात.

सगळ्यात आधी शू-शीचं बोलते, कारण याच्याबद्दल कुणी बोलत नाही. पहिल्या आठवड्यात जी मुलं रडतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आईची आठवण आलेली नसते, त्यांना लघवीला जायचं असतं. सांगायची लाज वाटते, किंवा घरात वापरतात तो शब्द बाईंना कळेल की नाही याची धास्ती असते. चड्डीचा हूक निघत नाही, मुलींना सलवारीची नाडी सोडता येत नाही. मग वर्गात चड्डी ओली होते, पोरं हसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात दुखायला लागतं. हे टाळणं अगदी सोपं आहे. शाळेत इलॅस्टिकची चड्डी घाला. "बाई, मला शूला जायचंय," हे वाक्य घरात मोठ्याने म्हणायला लावा, दिवसातून चारदा. तुम्ही बाई व्हा, मुलाला बाकावर बसवा, आणि त्याने हात वर करून सांगितल्यावरच सोडा. धुणं, पाणी टाकणं, साबणाने हात धुणं त्याचं त्यालाच करू द्या. नीट होणार नाही, पाणी सांडेल, करू द्या.

डब्याचं, बाटलीचं, बुटांचं तसंच. नवा डबा शाळेच्या आदल्या रात्री काढू नका. आठ दिवस घरातच मुलाला त्या डब्यात जेवू द्या. बाटलीचं झाकण त्यानेच फिरवावं. बुटाला बंद नकोत, चिकटपट्टीचे घ्या. रेनकोट घालणं, काढणं आणि ओला झाला की उलटा करून अडकवणं हे आपल्या नाशिकच्या जूनमध्ये शिकवावंच लागतं. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिलीपासून पोषण आहार मिळतो, तेव्हा पंगतीत बसून, न भरवता, ताटातला भात संपवता आला पाहिजे. भरवायची सवय असेल तर आजच बंद करा. पहिले दोन दिवस मूल कमी खाईल, तिसऱ्या दिवशी पोटभर खाईल.

आता अभ्यासाचं. बहुतेक पालक मला विचारतात, "मॅडम, ह्याला शंभरपर्यंत आकडे येतात, एबीसीडी येते, अजून काय घेऊ?" काही घेऊ नका. अक्षरं शिकवायला शाळा आहे, आणि ती शिकवण्याची आमची एक रीत असते. तुम्ही घाईघाईने उलट्या वळणाने गिरवून घेतलेला क मोडायला आम्हाला दिवाळी उजाडते. लिहायला आधी बोटांत बळ लागतं. ते बळ शेंगा सोलून येतं, कणकेचे गोळे करून येतं, लसूण निवडून येतं, शर्टाची बटणं लावून येतं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम केलं, तेव्हा महागडी विलायती साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी दगड, शिंपले, पानं, बिया यांतून मुलांना मोजायला, निवडायला, लावायला शिकवलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा गुरं चारायच्या कुरणातच शाळा नेली. त्या बायांनी जे माळावर केलं ते आपल्या सिडकोतल्या दोन खोल्यांत सहज होतं. डाळ आणि शेंगदाणे मिसळून द्या, वेगळे करायला सांगा. वाट्या लहानमोठ्या लावायला सांगा. संध्याकाळी एक गोष्ट सांगा आणि मधेच थांबून विचारा, "मग काय झालं असेल?" पहिलीच्या बाईला याहून जास्त काही नको असतं.

हल्ली फोनवर एक व्हिडिओ फिरतो. आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, मोठमोठे पाढे म्हणतात. ती शाळा वर्षाचे 365 दिवस भरते. केशव गावित गुरुजींचं काम थोरच आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण तो व्हिडिओ सहा वर्षांच्या पोरासमोर धरून "बघ, आणि तू?" म्हणू नका. त्या मुलांना शाळा सोडून घरी जावंसं वाटत नाही, ही त्यातली खरी पाहण्यासारखी गोष्ट आहे. तिथपर्यंत मूल तुलनेने पोचत नाही.

आणि भाषा. मालेगाव, सटाणा, धुळे, जळगाव इकडून कामाला आलेल्यांच्या घरात अहिराणी बोलतात. सुरगाणा, पेठकडच्या घरात कोकणा बोलतात. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं वेगळंच बोलतात. एक मुलगी माझ्या वर्गात तीन आठवडे एक शब्द बोलली नाही. मला वाटलं ऐकूच येत नसेल. मग एका शिपाईमावशींनी तिच्याजवळ बसून विचारलं, "तुनं नाव काय शे?" आणि ती मुलगी जी बोलायला लागली ती थांबेना. तिच्या आईने घरी बजावलं होतं, शाळेत आपलं बोलायचं नाही, बाई हसतील. आई चांगल्या मनाने बोलली होती, पण मुलीचं तोंड शिवलं गेलं. घरची भाषा घरात भरपूर बोला. जिला घरच्या भाषेत गोष्ट सांगता येते तिला शाळेची भाषा लवकर येते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. फक्त बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: आमच्या घरी असं बोलतात, पाण्याला हे म्हणतात, शूला हे म्हणतात.

2022 पासून सरकारी शाळांत पहिलीच्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी मेळावा होतो. 'पहिले पाऊल' म्हणतात त्याला. सात टेबलं असतात. मूल उडी मारतं, चेंडू टाकतं, वस्तू ओळखतं, नाव सांगतं. कित्येक आया घाबरून येतात आणि मुलाला मागून चिमटे काढतात, "सांग ना, येतं ना तुला!" बायांनो, ती परीक्षा नव्हे. कुठे हात द्यायला हवा एवढंच त्यात बघायचं असतं. मेळाव्याला वडिलांनीही या. एका दिवसाची हजेरी बुडेल, पण बाप शाळेत आला होता हे पोरगं विसरत नाही.

घाई करू नका, हेही सांगायचंय. 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तरच पहिली, असा आपल्या राज्यात नियम आहे. तारखेत फेरफार करून मूल पुढे ढकलल्याने एक वर्ष वाचत नाही. ते मूल पुढची चार वर्षं वर्गातल्या मोठ्यांच्या मागे धावत राहतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्माचा दाखला, आधार, फोटो एका पिशवीत ठेवा. पण एखादा कागद नाही म्हणून मूल घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नव्या शाळेला मूल बसवावं लागतं. वह्या-गणवेश अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या, अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, ती विकत आणू नका. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला, किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार असाल, तर निघण्याआधी गुरुजींकडून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत मूल बसवता येतं. आणि पाच-सहा वर्षांच्या दरम्यानची डीपीटीची लस राहिली असेल तर मनपाच्या दवाखान्यात ती मोफत आहे, शाळेआधी द्या.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. पहिलीच्या मुलासाठी ते साधारण दीड ते दोन किलो भरतं. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे त्यातला एक किलो तिथेच गेला. तेव्हा छोटी बाटली द्या, शाळेत पाणी भरता येतं. भरलेलं दप्तर एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा. चाकांचं दप्तर जिन्यावरून शेवटी उचलावंच लागतं आणि ते रिकामंसुद्धा जड असतं.

झोपेकडे पालकांचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. या वयाच्या मुलाला रात्रीची नऊ तास तरी झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला तो याच कारणाने. पण मूल रात्री साडेअकरापर्यंत फोन बघत असेल तर शासन काय करणार? सुट्टीत बिघडलेली वेळ एका रात्रीत सुधारत नाही. आजपासून रोज पंधरा मिनिटं आधी दिवा बंद करा. घरातल्या मोठ्यांचे फोनही तेव्हा बाजूला ठेवावे लागतील, त्याला इलाज नाही.

रिक्षाने पाठवणार असाल तर आधी काकांना भेटा, त्यांचं नाव आणि नंबर लिहून घ्या, किती पोरं बसवतात ते स्वतः जाऊन मोजा. पुढे चालकाशेजारी मूल बसवत असतील तर ती रिक्षा नको. चालत जाणार असाल तर शाळा सुरू होण्याआधी दोनदा त्या रस्त्याने मुलासोबत जा. त्र्यंबक रोडसारखा रस्ता सहा वर्षांच्या मुलाने एकट्याने कधीही ओलांडायचा नाही. मुलाला स्वतःचं पूर्ण नाव आणि तुमचा फोन नंबर पाठ हवा. नंबर गाण्यासारखा चालीत म्हणा, दोन दिवसांत येतो.

आणखी एक विनवणी. "ऐकलं नाहीस तर शाळेत टाकीन", "थांब, बाईंना सांगते, त्या मारतील" हे घरात बोलणं बंद करा. मुलाला मारायला, अपमान करायला कायद्याने बंदी आहे. तरीही माझ्याकडे बघून पोरं पहिल्या दिवशी हात मागे लपवत, कारण घरी त्यांना तसं सांगून ठेवलेलं असे. ती भीती घालवण्यात जून संपायचा.

पहिल्या दिवशी मूल रडेल. रडू द्या. तुम्ही मात्र फाटकात रडू नका, आणि त्याची नजर चुकवून पळूनही जाऊ नका. पळून गेलेल्या आईला मूल दुसऱ्या दिवशी घट्ट धरून ठेवतं. वाकून त्याच्या डोळ्यांत बघा, "मी जाते, जेवणाची सुट्टी झाल्यावर आणखी दोन तासांनी घ्यायला येते" असं त्याला कळेल अशा शब्दांत सांगा, आणि वळून चालू लागा. पहिले आठ दिवस पाळी बदलून घ्या, आजीला पाठवा, शेजारच्या काकूंना सांगा, काहीही करा, पण सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी फाटकाशी उभे राहा.