अँटिबायोटिक देताय? मग कारणही सांगा!

अँटिबायोटिकचा विषय निघाला की दोष वस्तीच्या माथी येतो. म्हणे, हे लोक मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणतात, बरे वाटले की बंद करतात. यात तथ्य आहे. ते आपणच सुधारले पाहिजे. पण वॉर्डात वर्षानुवर्षे राबलेल्या आम्ही परिचारिका विचारतो, चिठ्ठी कोण लिहितो? पहिली जबाबदारी लिहिणाऱ्याची आणि रुग्णालयाची आहे.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार. त्यांवर नुसते अँटिबायोटिक दिले तर आजार हटत नाही. उलट अंगातले कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. पुढे न्यूमोनिया झाला किंवा सिझेरियनची जखम चिघळली, तर साधे औषध लागू पडत नाही. मग महागडी इंजेक्शने लागतात. पैसेवाला ती विकत घेतो, आपल्याकडे मंगळसूत्र गहाण पडते. म्हणून हा प्रश्न फक्त विज्ञानाचा नाही, न्यायाचाही आहे.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच हा धोका सांगितला होता. आपल्याकडेही २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत, डॉक्टर व रुग्णाच्या नावासह नोंदवायची आहे. नियम आहे. तो पाळला जातो का, हे आपणही पाहायला हवे.

रुग्णालयाने काय करावे? शक्य तिथे औषध सुरू करण्याआधी रक्त किंवा लघवी कल्चरला पाठवावी. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र औषधाला उशीर नको. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट व प्रकृती पाहून औषध चालू ठेवायचे, बदलायचे की थांबवायचे ते ठरवावे. शस्त्रक्रियेत संसर्ग टाळण्यासाठी बहुतेक वेळा चीर देण्याआधीच्या तासाभरातला एक डोस पुरतो. टाके निघेपर्यंत गोळ्या चालवण्याची गरज नसते. आणि प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी व नंतर हात धुवावेत. संसर्गच झाला नाही तर अँटिबायोटिक लागतेच कशाला?

आपण काय करावे? "पावरची गोळी द्या, सुई मारा" हा हट्ट सोडावा. उरलेली गोळी शेजारच्या लेकराला देऊ नये. टीबीचे औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. आणि डॉक्टरांना विचारावे: हा आजार जिवाणूंचा आहे का? हे औषध कशासाठी? किती दिवस? तपासणी लागेल का?

विचारले म्हणून कुणी डाफरले तर गप्प बसू नका. कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. दवाखान्याच्या दारात ही शिकवण चपलांबरोबर काढून ठेवायची नसते.

येत्या रविवारी वंदनेला येताना घरातली औषधांची पिशवी विहारात घेऊन या. कोणती गोळी कशाची, हे सगळे मिळून समजून घेऊ.

जयभीम!