सापळा लावला, पतंग मोजले का?

हिंगणघाट भागातल्या कास्तकाराला कामगंध सापळा नवा नाही. पऱ्हाटीत काठीला बांधलेले नरसाळे, त्यात मादीच्या गंधाची ल्युअर, खाली लोंबणारी प्लॅस्टिकची पिशवी. गंधाला भुलून नर पतंग आत शिरतो आणि अडकतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली, त्यानंतर या सापळ्याचा गाजावाजा फार झाला. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हे गणितही अनेकांना पाठ आहे. जिनिंगच्या आवारातसुद्धा सापळे लावायला सांगितले जाते, कारण सरकीत दडलेली अळी तिथूनच पतंग होऊन निघते.

मग बांधापलीकडच्या वांग्यात सापळा इतका क्वचित का?

खरी गरज तिथेच आहे. वांग्यातली शेंडे आणि फळे पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच आत घुसते. मान टाकलेला शेंडा चिरून पाहावा: आत पोकळी, विष्ठा आणि गुलाबीसर अळी. एकदा ती आत गेली की वरून मारलेले औषध तिला गाठत नाही. म्हणजे फवारणी लागू पडते ती पतंग उडू लागल्यावरच्या मोजक्या दिवसांत, आणि ते दिवस सापळ्यातूनच कळतात. प्रत्यक्षात वार ठरवून पंप पाठीवर चढतो. तोडा दोन-चार दिवसांवर असतो, त्यामुळे औषधाचा अंश भाजीसोबत थेट बाजारात जातो. बीटी वांग्याला २०१० च्या फेब्रुवारीत स्थगिती मिळाली, त्यावर वादही रंगले. अळी मात्र जागची हलली नाही.

२००८ मध्ये सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीने धुमाकूळ घातला, तेव्हा कुठे राज्याला जाग आली आणि २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ सुरू झाले. शेतात जाऊन किडी मोजायच्या आणि त्यावरून सल्ला द्यायचा, ही कल्पना उत्तमच. पण तिचा भर सोयाबीन, कापूस, भात, तूर, हरभरा यांच्यावर राहिला. घाटेअळीला ही यादी कोण दाखवणार? ती कपाशीवर, तुरीवर, हरभऱ्यावर असते, तशी टोमॅटोवरही असते. शिवाय दक्षिण अमेरिकेतून आलेली टोमॅटोची टुटा नागअळी २०१४ मध्ये पुणे भागात सापडली. नव्या पाहुण्याची चाहूल लवकर लागायची, तर भाजीच्या शेतातही सापळे हवेतच.

दोष फक्त सरकारचा नाही. सापळा म्हणजेच औषध, असे समजून तो लावून विसरणारे खूप. ल्युअर तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते आणि प्रत्येक किडीची वेगळी असते. बोंडअळीच्या ल्युअरला वांग्याचा पतंग फिरकत नाही.

सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी कार्यालय यांनी हंगामभर दर आठवड्याला भाजीबाजारात एक फलक लावावा: वांग्यात किती पतंग, टोमॅटोत किती. भाजीवाल्या कास्तकारांनीही आपल्या सापळ्यांचे रोजचे आकडे वहीत लिहून तिथे द्यावेत.