परसबागेतील पिकांची सोबत

परसबागेत झेंडू लावला की कीड येत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. गृहिणी मोरीच्या पाण्यावर टोमॅटोचा वाफा वाढविते, कडेला झेंडूची दोन रोपे लावते आणि तरीही फळे किडकी निघतात. दोन रोपांनी बागेचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बागेचे बिघडत नाही. परंतु पुढे योग्य सल्ल्यावरचाही तिचा विश्वास उडतो. हे नुकसान मोठे आहे.

वस्तुतः झेंडूचे उपयोग दोन असून त्यांच्या रीती भिन्न आहेत. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांतील द्रव्य मारक ठरते. परंतु त्यासाठी सबंध वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने वाढवून मग त्याच जागी टोमॅटो किंवा वांगी घ्यावी लागतात. कडेच्या दोन रोपांनी हे कार्य साधत नाही.

फळे पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू हे सापळा पीक होय. अळीची मादी पतंग झेंडूकडे आकर्षित होऊन तेथे अंडी घालते. म्हणून टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुललेला हवा. याकरिता टोमॅटोची २५ दिवसांची रोपे लावताना उंच जातीच्या झेंडूची ४५ दिवसांची रोपे लावावीत आणि टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ ठेवावी, अशी शिफारस आहे. परसात ओळी थोड्या असल्या तरी रोपांच्या वयातील अंतर सांभाळलेच पाहिजे. झेंडूवरील अळ्या वेचून नष्ट केल्या नाहीत, तर सापळाच किडीचे माहेरघर बनतो.

काही सोबती टाळाव्याही लागतात. टोमॅटो, वांगी व मिरची एकाच कुळातील असल्याने त्यांचे मर रोग व सूत्रकृमी बव्हंशी समान असतात. त्यांचे वाफे एकमेकांना लागून ठेवू नयेत, आणि एकीच्या जागी लगेच दुसरी घेऊ नये. याउलट दोडक्याच्या मांडवाखाली अळू किंवा हळद लावण्याची जुनी पद्धत सयुक्तिक आहे, कारण ही पिके विरळ सावलीत चांगली येतात.

तेव्हा कार्यकर्त्याने केवळ ‘झेंडू लावा’ असे सांगून थांबू नये. तो कशासाठी, केव्हा, किती लावावा आणि पुढे त्याचे काय करावे, हेही सांगावे. एवढे सांगण्यास वेळ नसेल, तर तो सल्ला न दिलेलाच बरा.