गिटचे एरर मराठीत हवेत

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात मी गिट शिकवतो, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची मुलं येतात. पैठण, गंगापूर, सिल्लोडची बरीच. एक एरर दर बॅचला हमखास येतो. नवा फोल्डर केला, 'गिट इनिट' दिलं आणि लगेच 'गिट ब्रँच लॉगिन' टाकलं की स्क्रीनवर उमटतं, 'फेटल: नॉट अ व्हॅलिड ऑब्जेक्ट नेम: मास्टर'. मुलं 'फेटल' वाचूनच हात आखडतात. फोल्डर उडवतात, मित्राचा कोड पेनड्राइव्हवर आणतात, आणि पुन्हा तोच एरर.

बिघडलेलं काहीच नसतं. गिटमधली ब्रँच म्हणजे एक चिमुकली फाइल. तिच्यात एका कमिटचा, म्हणजे जपून ठेवलेल्या बदलांच्या नोंदीचा, ४० अक्षरी क्रमांक असतो, बस्स. पहिला कमिटच झालेला नसेल तर गिट तिथे लिहिणार काय? एखादी फाइल अ‍ॅड करा, कमिट करा, ब्रँच निघते. हे उलगडून सांगितलं की त्या पोराला पुन्हा कधी विचारावं लागत नाही.

दुसरी अडचण नोकरीला लागलेल्यांची. टीममध्ये कुणी 'फीचर' नावाची ब्रँच काढून ठेवलेली असते आणि आपण 'फीचर/लॉगिन' काढायला जातो. गिट सांगतं, रेफ (ब्रँचच्या नावाची नोंद) लॉक करता येत नाही. 'लॉक' म्हटल्यावर परमिशनचं काहीतरी असेल म्हणून अ‍ॅडमिनला फोन जातो. खरं कारण साधं आहे. तिरक्या रेघेमुळे गिटला 'फीचर' नावाचा फोल्डर हवा असतो आणि तिथे त्याच नावाची फाइल आधीच असते. जुन्या ब्रँचचं नाव बदला, काम होतं. हीच तक्रार फेच करताना, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे घेताना, आली आणि सर्व्हरवरची जुनी ब्रँच काढून टाकलेली असेल, तर 'गिट फेच --प्रून' द्या.

'आधी इंग्रजी सुधारा' हा सल्ला या मुलांना सगळीकडे मिळतो. मला तो अन्यायाचा वाटतो. ही वाक्यं इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही कळत नाहीत. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं. २०१२ पासून त्याचे संदेश इतर भाषांत दाखवायची सोय आहे. बल्गेरियन, स्वीडिश, व्हिएतनामी प्रोग्रामरांनी आपापल्या भाषेत भाषांतर करून टाकलं. मराठी त्या यादीत नाही. फायरफॉक्स मराठीत आणणारे लोक आपल्याकडे होते, तेव्हा हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये.

संदेश पाच हजारांहून जास्त आहेत, पण सगळे एकाच मजकूर फाइलमध्ये बसतात आणि तुकड्यातुकड्याने करता येतात. या शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, त्यानंतर खासगी कॉलेजं कितीतरी आली. शेवटच्या वर्षाला हजेरीचं आणि लायब्ररीचं सॉफ्टवेअर दरवर्षी नव्याने लिहून घेण्यापेक्षा विभागप्रमुखांनी एका गटाला हे काम प्रोजेक्ट म्हणून द्यावं. सुरुवात ब्रँचच्या संदेशांपासून करा. तपासून द्यायला मी तयार आहे.