विश्लेषण : गाडी शेंद्र्याची, चावीचा कोड जर्मनीत! जुन्या स्पोर्ट्स कारची दुसरी किल्ली मिळवणे इतके अवघड का?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली, तेव्हा मराठवाड्यात अशी मोटार तयार होते याचेच अप्रूप होते. तीन वर्षांनी तिची ‘आरएस’ आवृत्ती भारतात आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. दिसायला घरगुती सेदान, चालवायला स्पोर्ट्स कार. तिचे चाहते आजही चांगल्या अवस्थेतली गाडी शोधत फिरतात. टर्बो दुरुस्त होतो, सस्पेन्शन बदलता येते, बंपरही कुठून तरी मिळतो. अडते ते किल्लीपाशी. मूळ दोन किल्ल्यांपैकी एक कुठल्या तरी आधीच्या मालकाकडे राहिलेली असते आणि हातातल्या किल्लीच्या रिमोटची बटणे झिजलेली असतात.

याच शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज एकगठ्ठा खरेदी केल्या होत्या. ६५ कोटींच्या घरातला तो व्यवहार देशभर गाजला. त्या गाड्याही आता पंधरा वर्षांच्या झाल्या. त्यातल्या बहुतेक काही स्पोर्ट्स कार नव्हेत, पण दुखणे तेच.

चावीत असते तरी काय?

पूर्वी मोटारीची किल्ली म्हणजे धातूचे पाते. नव्वदच्या दशकात मोटारचोऱ्यांनी हैराण झालेल्या युरोपात इमोबिलायझर आला आणि १९९८ पासून तिथे नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. तेव्हापासून एका किल्लीत तीन वेगळ्या वस्तू नांदतात. बहुतेक गोंधळ होतो तो या तिन्ही एकच समजल्यामुळे. पाते दार उघडते आणि स्टिअरिंगचे कुलूप सोडते. ट्रान्सपॉन्डर चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला शक्ती मिळते, ती आपली ओळख सांगते आणि ती पटली तरच इंजिन चालू राहते. रिमोट मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि त्याचे काम दारे उघडण्या-बंद करण्यापुरतेच.

म्हणून रिमोट मेला तरी गाडी सुरू होते. उलट हुबेहूब पाते कापून आणले, पण चिप ओळखीची नसेल, तर इंजिन क्षणभर चालून बंद पडते. त्या काळातल्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक फोल्डिंग किल्ल्या तर सरळ दोन भागांत सुटतात. पुढच्या भागात चिप, मागच्या भागात रिमोट. मागचा भाग बिघडला म्हणून पूर्ण किल्ली बदलायला सांगणारा एक तर अडाणी असतो, नाही तर फारच हुशार. २०१० च्या आसपासच्या मर्सिडीजमध्ये गाडी सुरू करायला पातेही लागत नाही. किल्ली आणि इग्निशन इन्फ्रारेडने एकमेकांशी बोलतात. आत लपवलेले पाते असते ते अडीअडचणीला दार उघडण्यापुरते.

मग चौकातला चावीवाला का चालत नाही?

पाते तो कापून देईल, प्रश्न चिपचा आहे. ऑक्टाव्हियाच्या त्या पिढीत नवी चिप गाडीला ओळखीची करून द्यायची तर चार अंकी गुप्त कोड लागतो. आधीच्या गाड्यांबरोबर हा कोड खरवडायच्या पट्टीखाली छापलेला एक छोटा टॅग मिळत असे. पुढे तो ग्राहकाच्या हाती देणे थांबले. नंतरच्या पिढ्यांत फोक्सवॅगन समूहाने, म्हणजे स्कोडा आणि ऑडीनेही, हे सगळे काम जर्मनीतील मध्यवर्ती डेटाबेसशी जोडले. किल्ली चासी क्रमांकानुसार कारखान्यातच कोड होऊन येते आणि सेवा केंद्रात ऑनलाइन परवानगी मिळाली तरच गाडी तिला आपली म्हणते.

यातून एक उलटाच न्याय तयार झाला आहे. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा कोड जाणकार इलेक्ट्रॉनिक्स कारागीर मीटरच्या मेमरीतून वाचून काढू शकतो. दहा-पंधरा वर्षांच्या ऑडी टीटीसारख्या गाडीत तेच काम कितीतरी कठीण होऊन बसते. अर्थात जुन्या गाडीतही चुकीचा डेटा लिहिला गेला की किल्ली राहते बाजूला आणि मीटरच निकामी होतो. हे काम करणाऱ्या हुशार माणसाला कोणतीही अधिकृत मान्यता नाही, म्हणून त्याची जबाबदारीही नाही. मालक त्याच्याकडे जातो तो दुसरा रस्ता नसल्यामुळे.

चोरीची भीती खरी की सबब?

कंपन्यांचा युक्तिवाद असा, की कोड बाहेर गेला तर चोरांचे फावेल. भीती अगदीच खोटी नाही. पण गुप्ततेने सुरक्षितता मिळते का, याचे उत्तर याच समूहाच्या गाड्यांनी दिले आहे. ‘मेगामॉस क्रिप्टो’ या ट्रान्सपॉन्डर चिपमधील कच्चे दुवे नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधकांनी शोधून काढले. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयातून त्यांच्या शोधनिबंधावर मनाई आणली. तो अखेर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी समूहाच्या कोट्यवधी गाड्यांच्या रिमोटचे संकेतही नक्कल करता येतात, असे दुसऱ्या निबंधाने दाखवले. म्हणजे ज्याला फोडायचे त्याला ते फोडता येत होते. अडून राहिला तो आरसी बुक हातात घेऊन उभा असलेला खरा मालक.

कोड द्यायचा की नाही, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. तो कोणाला आणि कोणत्या पडताळणीनंतर द्यायचा, हे ठरवायला हवे. युरोपने ते ठरवले आहे. तिथे स्वतंत्र गॅरेजमधील व्यक्तीची पार्श्वभूमी तपासून तिला मान्यता दिली जाते आणि सुरक्षेशी संबंधित माहिती कंपन्यांना अशा व्यक्तीला द्यावी लागते. अमेरिकेतही नोंदणीकृत कुलूप-कारागिरांना किल्लीचे कोड मिळण्याची व्यवस्था आहे आणि प्रत्येक मागणीची नोंद राहते. कोणी गैरवापर केला तर माणूस सापडतो. आपल्याकडे कोड निघतो तेव्हा नोंद कुठेच होत नाही, हे जास्त धोक्याचे.

आपल्याकडे नियम काय?

शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात स्कोडा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि बीएमडब्ल्यूही होत्या. सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना नाकारणे हा स्पर्धेचा भंग आहे, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. प्रकरण अपिलात आणि न्यायालयांत गेले. अपिली न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तीन कंपन्यांबाबत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केले. मोटारी त्यात आहेत, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

दुसरीकडे सरकार जुन्या गाडीकडून पैसे घ्यायला विसरलेले नाही. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले. वीस वर्षांवरील गाडीला २०२५ पासून १०,००० मोजावे लागतात. तेवढे भरून, फिटनेस पार करून एमएच-२० ची जुनी ऑक्टाव्हिया कायदेशीरपणे रस्त्यावर येते. मग जोवर सरकार गाडी रस्त्यायोग्य मानते, तोवर तिची किल्ली किंवा कोड पुरवण्याचे बंधन उत्पादकावर का नसावे? फेरनोंदणीच्या नियमांतच अशी अट घालता येईल. कंपनीला त्यासाठी नवा कारखाना काढावा लागणार नाही, चासी क्रमांकासमोरची नोंद काढून द्यायची आहे.

तोपर्यंत मालकाने काय करावे?

एक किल्ली चालू असतानाच दुसरी करून घ्यावी. सगळ्या किल्ल्या हरवल्यावर तेच काम कित्येक पट महाग आणि कटकटीचे होते. अधिकृत केंद्रात आरसी आणि ओळखपत्र लागते. किल्ली हरवली असेल तर आधी पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत जवळ ठेवणे बरे. घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्याव्यात, कारण या समूहाच्या गाड्यांत नवी किल्ली शिकवताना जी समोर नसते ती यादीतून गळते. हरवलेली किल्ली बाद करायची तर हाच गुण कामी येतो.

जुनी गाडी घेताना एकच किल्ली मिळत असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते आणि एकच दाखवता आली की दाव्यात वाद सुरू होतो. किल्ली बदलून देणारे विम्याचे पूरक कवच असते खरे, पण गाडीच्या वयाची अट आधी वाचावी.

ऑनलाइन स्वस्त रिमोट मागवताना त्याची फ्रिक्वेन्सी पाहावी. युरोपीय गाड्यांचे रिमोट सहसा ४३३-४३४ मेगाहर्ट्झवर चालतात, जपानहून आलेल्यांचे बऱ्याचदा ३१५ वर. बटणे सारखी दिसली म्हणून काम होत नाही. दुसऱ्या गाडीवर चढवलेली वापरलेली किल्ली तर घेऊच नये. अनेक मॉडेलांत ती चिप एकदा एका गाडीची झाली की कायमची तिचीच राहते.

आणि किल्लीवर खर्च करण्याआधी दोष किल्लीतच आहे का, हे तपासून घ्यावे. नाण्याएवढी बॅटरी बदलून पाहायला काही मिनिटे लागतात. बटणाखालचा स्विच नव्याने डाग देऊन बसवणे मोबाइल दुरुस्तीवाल्यालाही जमते. कधी बिघाड गाडीतच असतो. पोर्शेच्या ९९६ मालिकेतील ९११ आणि सुरुवातीच्या बॉक्सटरमध्ये इमोबिलायझरचे युनिट सीटखाली बसवलेले आहे. पाणी निचऱ्याचे मार्ग पाचोळ्याने तुंबले की पावसाळ्यात तळाशी पाणी साचते आणि ते युनिट खराब होते. अशा वेळी नवी किल्ली आणून उपयोग नाही, आधी सीट काढून तिच्याखालचा गालिचा उचलून पाहावा लागतो.