रेस बंद रस्त्यावर, सराव ट्रॅफिकमध्ये: जगातल्या टॉप सायकलपटूंनाही तीच भीती, जी आपल्याला

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याने एक वेगळंच दृश्य पाहिलं. १९ ते २३ जानेवारी असे पाच दिवस 'पुणे ग्रँड टूर' झाली. एकूण अंतर ४३७ किलोमीटर. तिच्यासाठी रस्ते नव्याने डांबरी झाले, रेस जायच्या वेळी वाहतूक थांबवली गेली आणि लोकांनी कडेला उभं राहून देशोदेशीचे रायडर सुसाट जाताना पाहिले. तिकीट नाही, स्टेडियम नाही. रोड रेसिंगची मजाच ती.

त्याच वेळी सोशल मीडियावर एक प्रश्न बराच फिरला: रेससाठी रस्ता गुळगुळीत होतो, मग रोज सायकल चालवणाऱ्यांसाठी का होत नाही? प्रश्न रास्तच आहे. फक्त त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरतो, की रेसवाले वेगळे आणि रोजचे सायकलवाले वेगळे. रेसिंगचा चाहता म्हणून या खेळाच्या बातम्या रोज वाचणाऱ्याला हे तितकंसं पटत नाही. वर्षातले बहुतेक दिवस ते रायडरही आपल्यासारखेच ट्रॅफिकमध्ये असतात.

आधी पुण्याच्या रेसबद्दल थोडं. तिचा दर्जा होता २.२. सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे यूसीआय, हे आकडे देते. पहिला २ म्हणजे अनेक दिवसांची रेस. एकाच दिवसाची असती तर तिथे १ आला असता. पॉइंटनंतरचा २ हा वर्ग. सगळ्यात वर वर्ल्डटूर, त्याखाली प्रो, मग १ आणि मग २. या शेवटच्या वर्गात वर्ल्डटूरचे संघ उतरू शकत नाहीत. त्यामुळे 'पोगाचार का नाही आला?' याचं उत्तर सोपं आहे, त्याच्या संघाला इथे यायची परवानगीच नाही. पण इथे मिळालेले पॉइंट जागतिक क्रमवारीत धरले जातात, म्हणून ही रेस महत्त्वाची.

प्रो रायडर वर्षभर करतो काय?

साधा हिशेब करून बघू. वरच्या दर्जाचा रायडर वर्षाला साधारण ६० ते ८० दिवस रेस करतो. ७० दिवस धरा, दिवसाला १६० किलोमीटर धरा. झाले ११,२०० किलोमीटर. असे रायडर वर्षभरात एकूण ३० हजार किलोमीटरच्या आसपास सायकल चालवतात. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश अंतर उरलं, आणि ते जातं सरावात.

रेसमध्ये पुढे पोलिसांच्या मोटारसायकली, मागे संघांच्या गाड्या, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स. पुढून रस्ता बंद होत जातो आणि शेवटची गाडी गेली की मागून उघडतो. सरावाला यातलं काही नसतं. तिथे घरून निघायचं, सिग्नलला थांबायचं, बस आणि ट्रकच्या बाजूने जायचं.

बेल्जियमचा रेम्को एवेनेपूल घ्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने टाइम ट्रायल आणि रोड रेस अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये हे जमलेला तो पहिला पुरुष. त्यानंतर चार महिन्यांनी, ३ डिसेंबरला, सरावाला निघालेला असताना टपाल खात्याच्या एका गाडीचं दार अचानक उघडलं आणि तो त्यावर आदळला. बरगडी, खांद्याचं पातं आणि हात मोडला, कॉलरबोन निखळली. रेसमध्ये परतायला त्याला १८ एप्रिल २०२५ उजाडलं. (परतला तो ब्राबान्त्से पेल ही रेस जिंकूनच. चाहत्यांना हेच जास्त लक्षात राहिलं, हा भाग वेगळा.)

कोलंबियाचा एगन बर्नाल २०१९ चा टूर द फ्रान्स विजेता. जानेवारी २०२२ मध्ये टाइम ट्रायलच्या सायकलवर, मान खाली घालून सराव करताना तो थांबलेल्या बसवर मागून धडकला. मणके, मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, बरगड्या मोडल्या, फुप्फुसांना इजा झाली. तो वाचला, पुन्हा रेसिंगमध्ये आला.

इटलीचा मिकेले स्कारपोनी वाचला नाही. १७ एप्रिल २०१७ ला त्याने टूर ऑफ द आल्प्सचा पहिला टप्पा जिंकला होता. २२ एप्रिलच्या सकाळी आपल्याच गावात, फिलोट्रानोमध्ये, सरावाला निघाला आणि चौकात एका व्हॅनने त्याला धडक दिली. सरावात त्याच्या खांद्यावर येऊन बसणाऱ्या फ्रँकी नावाच्या मकाव पोपटाचे व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिले असतील. तोच हा स्कारपोनी. पुढे २०२२ मध्ये डाव्हिडे रेबेलिन. २००४ साली एकाच आठवड्यात तीन मोठ्या क्लासिक रेस जिंकणारा हा माणूस ५१ व्या वर्षी निवृत्त झाला आणि महिना-दीड महिन्यात एका ट्रकखाली गेला. ट्रकचालक थांबला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सारा पिफर, वय १९, भावासोबत सराव करताना समोरून ओव्हरटेक करत आलेल्या गाडीने गेली. तीन नावं, एकच देश, आणि एकालाही अपघात रेसमध्ये झालेला नाही.

मग रेसमध्ये धोका नाही?

आहेच. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या टूरमध्ये जीनो मेडर घाट उतरताना दरीत पडून गेला. २०२४ मध्ये झुरिकच्या जागतिक स्पर्धेत १८ वर्षांची म्युरिएल फुरर गेली. पण रेसमध्ये कुणी गेलं की चौकशी होते, नियमांवर वाद होतो, रायडरच्या सायकलवर जीपीएस लावायचं का यावरून संघ आणि यूसीआय भांडतात. २००३ मध्ये आंद्रेई किव्हिलेव्हच्या मृत्यूनंतर रेसमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं, तेही असंच. खेळाला आपल्या हद्दीतला नियम बदलता येतो. खुला रस्ता मात्र यूसीआयच्या हातात नाही. तो सरकारचा आणि गाडी चालवणाऱ्यांचा.

स्कारपोनीच्या घरच्यांनी म्हणूनच सरकारकडे मोर्चा वळवला. त्याच्या नावाने संस्था काढली, आणि भाऊ मार्को रस्ता सुरक्षेसाठी बोलत राहिला. इटलीत सायकलवाल्यांची जुनी मागणी होती की सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडावं. डिसेंबर २०२४ पासून ते तिथल्या कायद्यात आलं, पण 'रस्त्याच्या परिस्थितीत शक्य असेल तिथे' अशी शेपटी लावून. माझ्या मते ही शेपटीच कायदा खाते. अरुंद रस्त्यावर अंतराची गरज सगळ्यात जास्त, आणि नेमकी तिथेच पळवाट. स्पेनमध्ये दीड मीटरचा नियम आधीपासून आहे. २०२२ मध्ये त्यांनी भर घातली की एकाच दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील तर सायकल ओलांडताना गाडीने पूर्ण लेन बदलायची. चालकाला मोजमाप करत बसावं लागत नाही आणि पोलिसालाही चूक लगेच दिसते.

दीडच मीटर का? कारण सायकल सरळ रेषेत चालत नाही. वाऱ्याचा झोत आला, खड्डा आला, तर ती हातभर तरी सरकते. मोठा ट्रक वेगाने शेजारून गेला की आधी ढकलते, मग आत ओढली जाते. आपल्याकडचे खड्डे धरले तर हातभर हेही कमीच.

आपल्याकडे काय चित्र आहे?

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले, हा केंद्र सरकारचा आकडा. त्यात दरवर्षी काही हजार सायकलस्वार असतात. त्यातले बहुतेक हौशी नाहीत. कामाला, शाळेला, शेतावर जाणारी माणसं आहेत आणि त्यांची बातमी होत नाही. बातमी झाली ती अवतार सैनी यांची. इंटेलच्या पेंटियम चिपवर काम केलेले हे ६८ वर्षांचे इंजिनिअर २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर मित्रांसोबत सायकल चालवत होते. मागून आलेल्या कॅबने त्यांना उडवलं.

पहाट का, हेही समजून घ्यायला हवं. मुंबई-पुण्यातले हौशी रायडर पाचला निघतात कारण सातनंतर रस्ता आपला राहत नाही. पण रिकाम्या रस्त्यावर गाड्याही जास्त वेगात असतात, उजेड नसतो, आणि रात्रभर गाडी चालवलेल्या चालकाचे डोळे मिटायची वेळही तीच. गर्दी टाळायला जावं तर वेग गाठतो.

शहरात ट्रॅक नाहीत असं नाही. पुणे महापालिकेने तर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडाच मंजूर केला होता. प्रत्यक्षात बऱ्याच ट्रॅकवर दुचाक्या लावलेल्या दिसतात, कुठे विक्रेते बसलेले असतात, तर कुठे ट्रॅक मध्येच संपतो आणि सायकलवाला थेट बसच्या पुढ्यात येतो. रेससाठी रस्ता पाच दिवस मोकळा ठेवता आला, हे प्रशासनाने करून दाखवलं आहे. त्यामुळे पार्किंग हटवता येत नाही, हे उत्तर आता पटायला जड जाईल.

यातली एक गोष्ट मात्र कुठल्याही आराखड्याशिवाय आजपासून करता येते. एवेनेपूल ज्या दारावर आदळला, तशी दारं आपल्याकडेही रोज उघडतात. नेदरलँड्समध्ये सवय आहे की दार लांबच्या हाताने उघडायचं. ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत हाच सल्ला घातला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे दार डाव्या हाताने उघडायचं. हात लांबवला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते.